वीणा खाली ठेवायची नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी मंडपात केलेले भाषण)



मला उभं राहायची सवय आहे ती कीर्तनाला. मागं टाळकरी असतात, बाजूला मृदंग असतो, तोंडात अभंग असतो. चुकलो तर मागची मंडळी सांभाळून घेतात. आज कमिटीवाल्या पोरांनी सांगितलं, "बुवा, अभंग नको, चाल नको, नुसतं बोला. विषय आहे, धकाधकीच्या जीवनात दिंडीचा विसावा." मी म्हणलं बरं. विषय मोठा आणि मी चौथी शिकलेला. पण चाळीस-बेचाळीस वाऱ्या या पायांनी केल्या. त्या पायांना जे कळलं तेवढंच सांगतो. अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, ते तुम्ही मनात म्हणा.

आधी धकाधकीचं बोलू. गावात कुणालाही विचारा, काय चाललंय? तर उत्तर एकच. "वेळच नाही." म्हातारा म्हणतो वेळ नाही, तरणा म्हणतो वेळ नाही, आता शाळेतलं पोरगंसुद्धा म्हणतं वेळ नाही.

माझ्या आजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. पहाटे तीनला बैल जुंपायचे आणि उन्हं वर येईपर्यंत मोट हाकायची. पेरणी पाभरीनं. मळणी खळ्यावर, बैलांची पात धरून, ती पंधरा पंधरा दिवस चालायची. एवढं सगळं करून माणूस दिवस मावळला की हातपाय धुऊन देवळात यायचा. हरिपाठ व्हायचा. हरिपाठ झाल्यावर तासभर पारावर बसायचा. आज मोट गेली, मोटर आली. पाभर गेली, ट्रॅक्टर आला. आजोबाला जे काम दिवसभर पुरायचं ते तासात होतंय. मग मला सांगा, वाचलेला वेळ गेला कुठं? कुणाच्या कणगीत साठवून ठेवलाय?

वेळ कुठं गेलेला नाही, माउली. गेलंय ते मन. आजोबा मोटेवर असताना मोटेवरच असायचे. मी मोटर चालू करतो आणि माझं मन डेअरीच्या काट्यावर असतं. डेअरीवर जातो तर मन मार्केटच्या भावावर. लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन रानात जायचं, साप-किरडू बघत बघत पाणी धरायचं. घरी येऊन पडलं तर उशाला फोन. कांद्याचा भाव सकाळी एक, दुपारी एक. हप्त्याची तारीख जवळ आली की त्याचा फोन वेगळा. शरीर एका ठिकाणी आणि मन चार ठिकाणी, ह्यालाच आपण धकाधकी म्हणतो. कामानं माणूस दमत नाही. कामानं दमलेल्याला झोप लागते. झोप लागत नाही त्याचं दुखणं वेगळं असतं.

आता विसाव्याचं. शहरातली मंडळी म्हणतात, वारीत फार शांती मिळते. ऐकायला बरं वाटतं, पण ज्यानं वारी केली त्याला इचारा. कसला आलाय विसावा? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर वाट. पहाटे अंधारात उठायचं, टँकरपुढं आंघोळीला रांग लावायची, ओले कपडे पिशवीत कोंबायचे आणि कर्णा वाजला की चालायला लागायचं. पुणं सोडलं की त्या दिवशी सासवडपर्यंत चालायचं आणि मधी दिवेघाट. वरनं पाऊस, खाली चिखल. पायाला फोड येतात, फोड फुटतात, त्यावर हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पाऊल. रात्री कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या शाळेत, नाहीतर आपल्या तंबूत ओल्या सतरंजीवर पाठ टेकायची. घरी एवढे कष्ट केले तर माणूस आजारी पडेल.

तरी मी तुम्हाला खरं सांगतो, वर्षातली माझी गाढ झोप त्या सतरंजीवरची आहे. हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. घरी गादीवर झोप नाही आणि वारीत दगडावर झोप लागते, हे कसं?

विचार करता करता मला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट, रांग. दिंडीत टाळकऱ्याला आपली जागा ठरलेली. पुढं कोण, मागं कोण, समोरच्या रांगेत कोण, सगळं ठरलेलं. पुढच्यानं पाऊल टाकलं की आपण टाकायचं. मृदंगाची थाप पडली की आपला टाळ पडायचा. कुठं जायचं, किती वाजता जायचं, लवकर जायचं का उशिरा, यातलं काहीच आपल्याला ठरवायचं नसतं. घरी सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस काय करतो? नुसतं ठरवत असतो. औषध मारू का थांबू, विकू का ठेवू, उसनं घेऊ का नको. ते ठरवायचं ओझं वेशीवर उतरलं की पाठ आपोआप हलकी होते.

दुसरी गोष्ट, नाव. दिंडीत सगळ्यांचं नाव एकच, माउली. "माउली, जरा सरका." "माउली, पाणी देता का?" तालुक्याला मोठ्या खुर्चीवर बसणारा माणूस आपल्या दिंडीत चालतो, त्यालाही माउली आणि आमच्या गावच्या सालगड्यालाही माउली. सकाळी एकमेकाच्या पाया पडायचं. त्यात वय बघायचं नाही, जात बघायची नाही, जमीन किती एकर ते बघायचं नाही. ज्याला गावात सतत कुणीतरी होऊन राहावं लागतं, त्याला वीस दिवस कुणीच नसण्यात फार मोठी सुट्टी आहे.

इथं एक गोष्ट मी लपवणार नाही. शंभर वर्षं झाली म्हणून सगळं चांगलंच सांगावं असं मला वाटत नाही. माझ्या लहानपणी आपल्याच दिंडीत काही माउलींची पंगत बाजूला बसायची. टाळ एका सुरात आणि ताटं दोन ठिकाणी. पंढरपुरात 1947 साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचा दरवाजा सगळ्यांना उघडा झाला. देवाचा दरवाजा उघडला तरी आपल्या पंगतीचा उघडायला आणखी पुष्कळ वर्षं गेली. आता पंगत एक आहे. पण ज्यांना त्या काळी बाजूला बसावं लागलं, त्यांना या दिंडीत विसावा मिळाला असं आपण कोणत्या तोंडानं म्हणावं? म्हणून पाया पडताना नुसती कंबर वाकवू नका, मन वाकवा. नाहीतर तो व्यायाम झाला.

तिसरी गोष्ट, ओझं. हे जरा नीट ऐका, कारण आज मला मुख्य हेच सांगायचं आहे.

आपल्या गावात सप्ता बसतो. सात दिवस वीणा उभी असते. ती वीणा भुईवर ठेवायची नाही हा नियम. दिवसा नाही, रात्री नाही. मग ती सात दिवस कोण धरतो? एकटा माणूस धरू शकेल का? किती का ताकदीचा असेना, एका रात्रीत खाली बसेल. म्हणून पहारे असतात. पहाऱ्याचा वेळ झाला की दुसरा येतो, पाया पडतो, गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहिला जाऊन झोपतो. वीणा उभीच आहे आणि माणसाला विसावाही मिळाला.

विसावा म्हंजे हेच, माउली. वीणा खाली टाकणं म्हंजे विसावा नव्हे. संसार टाकता येत नाही, जनावरं टाकता येत नाहीत, म्हातारी आई टाकता येत नाही. आपली वीणा घ्यायला दुसरा गळा तयार असणं म्हंजे विसावा. दिंडीत तो गळा असतो. माझी पिशवी जड झाली तर बाजूचा न सांगता घेतो. मला ताप आला तर कुणीतरी रात्रभर उशाशी बसतो, सकाळी त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नसतं. स्वयंपाकाच्या बाया आधीच मुक्कामावर पुढं जाऊन चूल पेटवतात, आम्ही जाऊन आयतं बसतो. त्यांचा पहारा कोण घेतो, हा प्रश्न आपल्या दिंडीनं शंभर वर्षांत विचारला नाही, तो आता विचारायला पाहिजे. अलीकडं आपली तरणी पोरं भांडी घासायला बसतात, ते मला कीर्तनापेक्षा मोठं वाटतं.

ही सगळी शिस्त आपोआप आलेली नाही. देहूहून तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली. पुढं आरफळच्या हैबतबाबांनी साधारण 1832 च्या सुमारास माउलींच्या पालखीला स्वतंत्र सोहळ्याचं रूप दिलं. हैबतबाबा शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, फौजेत वावरलेला माणूस. म्हणून माउलींच्या सोहळ्यात शिपाईगिरीची शिस्त आहे. पण फौज चालते ती हुकमावर आणि दिंडी चालते टाळावर, एवढा फरक बाबांनी केला.

त्या शिस्तीतली एक गोष्ट सांगतो. तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, पण तिच्याकडं आपण नीट बघत नाही. ती म्हणजे समाज आरती.

संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात, काही ऐकू येत नाही. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळे टाळ बंद. एवढी माणसं आणि पाखराच्या पंखाचासुद्धा आवाज येईल अशी शांतता. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात. कुणाची पिशवी सापडली, कुणाची म्हातारी चुकली, उद्या पालखी किती वाजता निघणार. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी आपले टाळ बंद करत नाही. सगळे थांबले तरी तिचे टाळ चालूच. मग चोपदार त्या दिंडीजवळ जातात, काय झालं ते विचारतात. पाण्याचा टँकर आला नाही, चालीचा क्रम मोडला, जी काय असेल ती तक्रार ऐकून घेतात. समाधान झालं की टाळ थांबतो. आणि तो थांबल्याशिवाय आरती होत नाही.

बघा केवढी मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्ष माउलींची आरती थांबलेली असते. कशासाठी? एका दिंडीचं म्हणणं ऐकायचं राहिलंय म्हणून. लाखभर माणूस उपाशी-तापाशी, दमलेलं, पण उभं राहतं. कुणी म्हणत नाही, "आरे, वाजवू द्या त्याला, आपण उरकून घ्या."

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या अपराधाची आहे.

आपल्या दिंडीत माझ्या उजव्या हाताला एक टाळकरी असायचा. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. वीस वर्षं आम्ही एका रांगेत चाललो. तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. आवाज गोड. दिवेघाटात सगळ्यांचा दम लागला की हा अभंगाला असा काही उठाव द्यायचा की पाय आपोआप वर चढायचे. गावातही त्याचं रान माझ्या रानापासून दोन बांधांवर.

एका वर्षी तो वारीला आला नाही. मी निघताना विचारलं, तर त्याची बायको म्हणाली, "काम निघालंय." मी म्हणलं असेल. काम कुणाला नसतं? माझ्या उजव्या हाताला दुसरा टाळकरी उभा राहिला, टाळ जुळला, आम्ही पंढरपूर करून आलो. आल्यावर मी त्याच्या घरी प्रसाद पाठवला, पोराच्या हाती. स्वतः गेलो नाही. मागं पेरणी लांबली होती, मला वेळ नव्हता.

दुसऱ्या वर्षी तो आला नाही. मी विचारलंही नाही. रस्त्यात कधी दिसला की "रामकृष्ण हरी" व्हायचं. मी गाडीवर, तोही घाईत. तिसऱ्या वर्षी आखाडीला त्याच्या घराला कुलूप दिसलं. जमीन विकली, माणूस बायकापोरं घेऊन शहरात गेला. कर्ज होतं. आधी बोअर मारली त्याचं, ती कोरडी गेली म्हणून दुसरीचं, त्यात पोरीचं लग्न. गावात सगळ्यांना नंतर कळलं. वीस वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावला त्याचं कर्ज मला कुलपानं सांगितलं.

पुढं दोन वर्षांनी पुण्यातून पालखी चालली होती. रस्त्याच्या कडंला एक वॉचमन उभा. निळा सदरा, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. मी ओळखलं नाही. त्यानं पुढं येऊन पायावर डोकं ठेवलं तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ दिसली. मीही त्याच्या पाया पडलो. रांग चाललेली, थांबता येईना. चालता चालता मी त्याला एवढंच म्हणलं, "अरे, एकदा सांगायचं तरी." तो माझ्याबरोबर पन्नास पावलं चालला. म्हणाला, "आण्णा, सांगणार कुणाला? सगळेच घाईत होते." एवढं बोलून तो पाळी सुरू व्हायची म्हणून मागं फिरला.

त्या दिवशी दिवेघाट मी कसा चढलो ते माझं मला ठाऊक. मला राहून राहून समाज आरती आठवत होती. तीन वर्षं त्या माणसाचा टाळ वाजत होता. वारीला न येणं हा त्याचा टाळच होता. सगळे टाळ थांबलेले असताना एकाचा वाजतो, तसं सगळे निघालेले असताना एकजण घरी राहत होता. आणि आपल्यातला एकही चोपदार त्याच्याकडं गेला नाही. मी गेलो नाही. आम्ही आरती उरकून घेतली.

मी असं म्हणत नाही की आपण त्याचं कर्ज फेडलं असतं. आपली ऐपत आपल्याला माहीत आहे. पण कदाचित सगळी जमीन गेली नसती, अर्धी राहिली असती. कदाचित चारजणांनी बसून दुसऱ्या बोअरला नको म्हणलं असतं. आणि काहीच झालं नसतं, तरी जाताना त्याला वेशीपर्यंत पोचवायला दिंडी गेली असती. रात्रीच्या अंधारात कुलूप लावून जायची पाळी त्याच्यावर आली नसती.

पंढरपूरहून आल्यावर मी हे सगळं आपल्या वीणेकरी बुवांपुढं मांडलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एक रीत पाडली, तुम्हाला ती ठाऊक आहे. निघायच्या आधी पंधरा दिवस, एकादशीला, मागच्या वर्षीच्या माउलींची यादी देवळात वाचायची. जो भिशी भरायला आला नाही, त्याच्या घरी दोघांनी जायचं. भिशी मागायला जायचं नाही, नुसतं बसायचं आणि चहा घेऊन यायचं. पहिल्या वर्षी लोक हसले. पण त्या चहाला बसून किती टाळ ऐकू आले, ते जाणारे दोघं सांगतील. कुणाचा दवाखाना, कुणाचं भावकीचं भांडण, कुणाचं पोरगं दारूला लागलेलं. काहींचं काही करता आलं, काहींचं नाही आलं. पण ऐकायचं राहून गेलं, असं झालं नाही.

मग आला करोना. 2020 साली आणि पुन्हा 2021 साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस. टी.तून पंढरपूरला गेल्या. शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं प्लेग बघितला, दुष्काळ बघितले, पण असं बघितलं नव्हतं. त्या वर्षी मला पहिल्यांदा आषाढात भरपूर वेळ होता. घरी बसून होतो. आणि मला सांगा, विसावा मिळाला का? अजिबात नाही. नुसता मोकळा वेळ म्हंजे विसावा नव्हे, हे त्या दोन वर्षांनी शिकवलं. संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर हरिपाठ म्हणायचो, पलीकडच्या ओट्यावरनं शेजारी साथ द्यायचा, त्याच्या पलीकडून तिसरा. मधी रस्ता, तोंडाला फडकं. पण टाळ जुळायचा. त्या अर्ध्या तासात छातीवरचा धोंडा उतरायचा.

आता शेवटचं. शताब्दी झाली, फोटो झाले, ग्रंथ निघतोय. पुढच्या शंभर वर्षांचं काय?

आजकाल दिंडीतसुद्धा धकाधकी शिरली आहे. रांगेत चालताना फोन वाजतो. टाळ काखेत आणि फोन कानाला. कुणी दोन दिवस येतो, फोटो काढतो आणि गाडीत बसून जातो. मी त्यांना नावं ठेवत नाही. संगणकावर काम करणारी पोरं आळंदी ते सासवड चालतात, घाट चढतात. मागं एक पोरगं आपल्या तंबूत झोपलं, सकाळी म्हणालं, "काका, सहा महिन्यांनी झोप लागली." ज्याला दोनच दिवस मिळतात त्यानं दोन दिवस यावं. पण आल्यावर रांगेत यावं. रांगेच्या बाहेरून वारी दिसते, विसावा मिळत नाही.

आणि वीस दिवसांचा विसावा घेऊन बाकीचं वर्ष एकमेकाला ओळख न देता पळायचं असेल, तर ती वारी अर्धी राहिली. आषाढात ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्याच्याशी श्रावणात बांधावरनं भांडायचं, हे माळेला शोभत नाही. म्हणून तुमच्यापुढं पदर पसरून तीन गोष्टी मागतो.

एक. महिन्याच्या दोन्ही एकादशींना संध्याकाळी देवळात हरिपाठ. अर्धा तास. फोन बाहेर पितळी परातीत ठेवायचे. परात माझ्या घरची देतो.

दोन. हरिपाठ झाला की लगेच उठायचं नाही. समाज आरतीसारखं दोन मिनिटं गप्प बसायचं. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं आपला टाळ वाजवावा. नुसता एक टाळ. लाज वाटत असेल तर बोलू नका, टाळ वाजवा. बुवा नंतर घरी येतील. मायबहिणींनीही वाजवावा, त्यांचा तर शंभर वर्षं कुणी ऐकलाच नाही.

तीन. जो दोन एकादशी दिसला नाही, त्याच्याकडं जायचं. "कामात असेल" असं म्हणायचं नाही. हे दोन शब्द मी म्हणलो होतो, ते मला अजून टोचतात.

तो माझा जोडीदार आता वर्षाला आठ दिवस रजा काढतो. फलटणला येऊन आपल्या दिंडीला मिळतो, वाखरीपर्यंत माझ्या उजव्या हाताला चालतो. आवाज पूर्वीसारखाच गोड आहे. जमीन गेली ती गेली, ती परत आलेली नाही, आणि मी उगीच गोड शेवट करून सांगत नाही. पण गेल्या वर्षी वाखरीच्या तळावर रात्री तो मला म्हणाला, "आण्णा, वर्षभर मी दुसऱ्याचं दार राखतो. हे आठ दिवस मला कुणाचं दार राखायचं नसतं." मी काही बोललो नाही. त्याची पिशवी उशाला घेतली आणि त्याला म्हणलं, झोप आता, मी जागा आहे.

मायबाप हो, आपल्या मूळपुरुषांनी शंभर वर्षांपूर्वी ही वीणा गळ्यात घेतली. त्यांच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या गळ्यात आली. शंभर वर्षं ती खाली टेकली नाही. आता आमची साठी उलटली, आमचा पहारा संपत आलाय. पोरांनो, तुम्हाला वेळ नाही हे मला मान्य आहे. पण या, पाया पडा आणि गळा पुढं करा. आम्हाला विसावा द्या, म्हंजे पुढं तुम्हाला विसावा द्यायला कुणीतरी येईल.

बोलता बोलता कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. चुकलं ते माझं, बरोबर आलं ते संतांचं.

रामकृष्ण हरी.